पान तीन

छापखानेवाल्यांचा फोन आला तेव्हा धाकटी ओले केस पुसत होती. रविवारी सकाळी आठ वाजता छापखानेवाले कुणाला फोन करत नाहीत. गठ्ठे निघाले की गाडीवाल्याच्या हाती चिठ्ठी द्यायची आणि आपण झोपायला जायचं, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता होता. आज मात्र त्यांनी स्वतःच सांगितलं की आठ गठ्ठे निघालेत, चारशे बारा प्रती, वर दहा-बारा जास्तीच्या. मग ते जरा घुटमळले. कागदाच्या जाडीखेरीज अंकाबद्दल या माणसाने आजवर अवाक्षर काढलेलं नव्हतं.

"पान तीन वाचलं," ते म्हणाले. "मी वाचलं, बाइंडिंगच्या बाईंनी वाचलं. बरं झालं, तुमच्या घरात कुणीतरी एकदाचं बोललं."

"काय बोललं?" धाकटीने विचारलं.

त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. इथे संपादकांचा लेख येणार आहे. संपादक म्हणतात, उद्या. त्यापुढचं वाचायची गरज पडली नाही, कारण पुढचं धाकटीला तोंडपाठ होतं. ते तिनेच लिहिलं होतं. तिने फोन ठेवला, टॉवेल डोक्यावर तसाच घेऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "भरताड छापलं गेलं."

भरताड हा या घरातला शब्द. अंकाची पानं लावताना एखादा लेख हातात आला नसेल, तर तेवढ्या जागेत काहीतरी अक्षरं ओतून ठेवावी लागतात, म्हणजे रकाना कुठवर जातो आणि फोटो कुठे बसतो ते दिसतं. धाकटीच्या आधी हे काम करणारी माणसं 'मजकूर मजकूर मजकूर' असं पानभर टाकत. धाकटी सहा वर्षांपूर्वी पानं लावायला म्हणून आली, वर्षभरात इथल्या फोटोवाल्याशी लग्न करून बसली, आणि तेच ते 'मजकूर' टाकून तिचे हात आंबले. मग ती घरातलंच काहीबाही लिहून जागा भरायला लागली. सासूबाईंचं स्टेपलरशी असलेलं वैर, थोरल्या दिरांची दर तीन महिन्यांनी बदलणारी नवी योजना, असलं. खरा लेख आला की भरताड पुसायचं. तोवर ते फक्त नवरा वाचायचा, हसायचा आणि म्हणायचा, एक दिवस तू आपल्याला घराबाहेर काढणार आहेस.

तो दिवस आज उजाडलेला दिसत होता.

त्यात पान तीनची गोष्ट वेगळी. पान तीन संपादकांचं. संपादक म्हणजे धाकटीचे सासरे, पण त्यांना त्यांची बायकोसुद्धा चारचौघांत संपादकच म्हणते. बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या बहिणीने, म्हणजे आत्याने, हे त्रैमासिक काढलं. आजची माणसं कशी जगतात, एवढाच त्याचा विषय. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं कुठे बघतात यावर त्यांनी एकदा सोळा पानं खर्च केली होती, आणि वाचकांनी पत्रं पाठवून आणखी मागितली होती. पहिल्या अंकापासून एक रीत पडली ती पडलीच: पान तीनचा लेख संपादकांनी हाताने लिहायचा, आत्याने टाइप करायचा, आणि तिच्याखेरीज कुणी तो आधी वाचायचा नाही. अंक आला की सगळ्यांनी टेबलाभोवती जमायचं, पहिली प्रत संपादकांनी उघडायची आणि उभं राहून पान तीन मोठ्याने वाचायचं. मगच पाकिटं भरायची.

धाकटीनेही ही रीत पाळली होती. जरा जास्तच पाळली होती. शेवटच्या दिवशी संपादक तिला म्हणाले, लेख आत्याकडे दिलाय, ती थेट पानातच टाकेल. पानात मजकूर कसा टाकायचा ते धाकटीनेच आत्याला मागच्या अंकाच्या वेळी शिकवलं होतं, आणि भरताड दिसलं तरी ती भावाला सांगणार नव्हती, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. तिने पान उघडलंदेखील नाही. अंक छापखान्याला पाठवताना पान तीनचं चिमुकलं चित्र पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होतं, त्यावर तिने एक पाकीट धरलं होतं. इतका नियम आत्यानेही कधी पाळला नसेल.

नवऱ्याचा स्वभाव भांडण दिसलं की कॅमेऱ्यामागे जाण्याचा. त्याने तीन तोडगे सुचवले. आपण दोघांनी आजारी पडायचं, हा पहिला. दुसरा, गठ्ठे येतात ती गाडी वाटेत गाठायची. तिसरा तोडगा, बाबांना खरं सांगायचं, हा त्याने इतक्या हळू आवाजात सांगितला की धाकटीला तो पुन्हा विचारावा लागला.

"काय सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून वाचणार आहात ना, ते मी तुमच्याविषयी लिहिलंय, असं?"

आणि हा अंक साधा असता तरी एक वेळ चाललं असतं. मागच्या खेपेला संपादक म्हणाले होते, आता मी चौऱ्याहत्तरचा झालो, पुढे अंकाचं काय आणि कुणी करायचं ते येत्या पान तीनमध्ये लिहितो. तेव्हापासून घरात जो तो त्या पानात आपल्याला हवं ते वाचत होता. थोरले दीर अंकाचं वितरण बघतात. त्यांना वाटत होतं की बाबा कागद बंद करून अंक पडद्यावर न्यायला संमती देतील. आत्याला वाटत होतं, आहे तसंच चालू राहील. सासूबाईंना आपलं टेबल परत हवं होतं. धाकटीने कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण तिला वाटत होतं की त्या पानात आपलं नाव असेल. तिला हा अंक हवा होता. पगार, मान यांच्यासाठी नव्हे. दर तीन महिन्यांनी कोऱ्या पानांसमोर बसून माणसांबद्दल विचार करायचा, याहून चांगलं काम तिला जगात दिसत नव्हतं. आणि आता तिने स्वतःच्या हाताने त्यावर पाणी फिरवलं होतं. त्याहून वाईट म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाला ती त्याच्याच टेबलाशी, त्याच्याच आवाजात उघडं पाडणार होती.

संपादकांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, कुलपं-बिजागऱ्या विकणाऱ्या दुकानाच्या वर. ते पोचले तेव्हा गठ्ठे टेबलावर येऊन पडले होते. टेबल संपादकांच्या वडिलांचं. ते शिंपी होते, आणि हे त्यांचं कापड बेतायचं टेबल. त्याच्या एका कडेला अजून इंचाच्या खुणा आहेत. त्यावर एकेकाळी कोट बेतले जात, आता पाकिटं भरली जातात. सासूबाईंनी वर्गणीदारांच्या कार्डांचे खोके मांडून ठेवले होते. कोणी घर बदललं, कोणाचं लग्न झालं, कोणतं जोडपं वेगळं झालं आणि दोघांनीही आपापली वर्गणी चालू ठेवली, हे सगळं त्यांना कार्डांवरून ठाऊक असतं. संपादक खिडकीपाशी पाठ करून उभे होते. खाली समोर लाँड्री आहे, तिची काचेच्या दाराची यंत्रं इथून दिसतात.

धाकटीने आत्याला स्वयंपाकघरात गाठलं. आत्याला घरात स्वल्पविराम म्हणतात, कारण समोरचा काहीही बोलत असो, ती मध्ये थांबवून दुरुस्त करते.

"आत्या, बाबांचा लेख तुम्ही पानात टाकलात ना?"

"मी कशाला टाकू?" आत्या म्हणाली. "मला म्हणाला, या वेळी धाकटीकडेच दिलाय, तीच टाइप करतेय."

गॅसवर चहा उतू गेला आणि दोघींपैकी कुणी हलली नाही. मग धाकटीने सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं, एकदाही न थांबवता, यावरून धाकटीला कळलं की परिस्थिती फार वाईट आहे.

"म्हणजे लिहिलंच नाही त्याने," आत्या म्हणाली. "तुझ्या हातावर तुरी दिल्या आणि माझ्याही." तिने ओटा पुसायला घेतला. भावाची पाठराखण करण्यात तिची बेचाळीस वर्षं गेली होती, त्यामुळे उपाय तिच्याकडे तयारच होता. पहिल्या प्रतीवर आपण चहा सांडू, असं तिने सुचवलं. धाकटी म्हणाली, बाहेर टेबलावर चारशे अकरा आणखी आहेत. आत्या म्हणाली, चहा पुष्कळ आहे.

तेवढ्यात थोरले दीर आले. त्यांच्या हातात फाइल होती आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट, म्हणजे ते जिंकायच्या तयारीने आले होते. त्यांच्याबरोबर त्यांची बायको. ती दातांची डॉक्टर आहे, रविवारी तिची सुट्टी असते आणि अंक आला की ती सुट्टी ती इथे पाकिटं चिकटवण्यात घालवते. तिचं म्हणणं, आठवडाभर लोक माझ्यासमोर तोंड उघडतात, इथे निदान ते आपापसांत उघडतात. फोटोवाला कॅमेरा गळ्यात अडकवून भिंतीला टेकला. सगळे जमले. सासूबाईंनी पहिल्या गठ्ठ्याची दोरी कापली.

संपादकांनी प्रत हातात घेतली. 'वाट पाहणं' असं या अंकाचं नाव होतं आणि मुखपृष्ठावर एका दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्च्यांचा फोटो होता. त्यांनी तो फार वेळ बघितला. मग पहिलं पान उलटलं, पुन्हा मिटलं, चष्मा पुसला. धाकटी त्यांच्या हातांकडे बघत होती. बोटं पानाच्या कोपऱ्याशी जात आणि तशीच परत येत. तिला वाटलं होतं की भीती एकट्या तिलाच आहे, पण टेबलापलीकडचा माणूस तिच्याहून जास्त घाबरलेला होता. पान तीनवर काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. आपलं काही नाही, एवढंच माहीत होतं.

"बाबा, आज बसूनच वाचा ना," ती म्हणाली. "किंवा नंतर वाचा. आधी पाकिटं भरून घेऊ."

"आधी पाकिटं?" थोरले दीर म्हणाले. "आजच्या दिवशी?"

संपादकांनी पान उघडलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. एक ओळ झाली, दोन झाल्या. मग त्यांनी घसा साफ केला, खांदे सरळ केले आणि दर खेपेला वाचतात तसं, स्वच्छ, सावकाश, प्रत्येक विरामाला मान देत वाचायला सुरुवात केली.

'इथे संपादकांचा लेख येणार आहे. संपादक म्हणतात, उद्या. हा उद्या गेले अकरा अंक येतो आहे. अकराही वेळा तो शेवटच्या संध्याकाळी धापा टाकत आला, आणि त्यातले निम्मे लेख वीस वर्षांपूर्वीचेच होते, फक्त त्यांना नवा शर्ट घातला होता. हे आत्याला माहीत आहे, कारण टाइप तिनेच केले. आत्या बोलत नाही. ती फक्त स्वल्पविराम बदलते.

'सकाळी नऊ वाजता संपादक टेबलाशी बसतात. पेन्सिलीला टोक करतात. टोक झालं की समोरच्या लाँड्रीकडे बघतात. तिथे कपडे गोल फिरतात आणि माणसं ते फिरताना बघत बसतात. त्या वेळी घरात आम्ही सगळे चवड्यांवर चालतो. एरवी आईंच्या भांड्यांच्या आवाजावर खालचे दुकानवाले घड्याळ लावतात, पण त्या दोन तासांत चमचासुद्धा वाजत नाही. अकरा वाजता संपादक म्हणतात, आज जमत आलंय. आम्ही सगळे म्हणतो, वा. कागदाकडे कुणी बघत नाही.

'या अंकासाठी वाट पाहणारी माणसं शोधत आम्ही शहरभर फिरलो. दवाखान्यातली बाकं पाहिली. पार्सल येणार म्हणून दिवसभर अंघोळ टाळणारी बाई भेटली. पलीकडून कुणीतरी टाइप करतंय म्हणून फोनवरची तीन टिंबं बघत बसलेला माणूस भेटला. आमच्याच टेबलाशी बसलेल्या माणसाचा फोटो मात्र कुणी काढला नाही. संपादक शब्दांची वाट बघतात आणि आम्ही संपादकांची. मला वाटतं, ते घाबरलेत. लेख दिला नाही तर आपल्याला इथून उठायला सांगतील, असं त्यांना वाटत असावं. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की'

इथे रकाना संपला होता. संपादक थांबले. त्यांनी पान उलटून पाहिलं. मागे फोटोवाल्याचे फोटो सुरू होत होते.

लेखाखाली नाव नव्हतं, पण नाव विचारायची कुणाला गरज वाटली नाही, कारण एकटी धाकटीच टेबलावरच्या इंचाच्या खुणा मोजत होती. शेवटी थोरल्या दिरांनी तोंड उघडलं. हे पान फाडावं लागेल, असं ते म्हणाले. वर्गणीदारांना घरातली धुणी दाखवायची नसतात. आणि कुणाचं काम आहे हे मला विचारायचं नाही, पण सहा वर्षं या घरात वावरून—

"फाडता नाही येणार," धाकटी म्हणाली. पानांचा प्रश्न आला की तिला राहवत नसे. "मधोमध पिना मारलेला अंक आहे, दादा. पान तीन फाडलं की त्याच्या जोडीचं मागचं पान सुटतं. ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या बाईंची मुलाखत तिथे संपते. ती अर्धी राहील." मग ती म्हणाली की चूक माझी आहे, पांढऱ्या पट्ट्या कापून मी चारशे बारा प्रतींवर एकटी चिकटवते. उद्यापासून पानं लावायला दुसरं कुणी बघा, हे वाक्य तिला बोलायचं होतं, पण त्याऐवजी ती कात्री शोधायला लागली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "पट्टी कशावर लावायची ते आधी ठरवू. खोटं काय आहे त्यात ते सांगा, तेवढ्यावर लावू."

मग जे झालं ते बघायला छापखानेवाले हवे होते. सासूबाईंचा स्वतःचाच भांड्यांवर आक्षेप निघाला. दुकानवाले घड्याळ लावतात हे अति झालं, असं त्या म्हणाल्या. त्यावर थोरल्या दिरांनीच सांगितलं की दुकानवाले त्यांना हे जिन्यात स्वतः बोलले होते. आपण विरुद्ध पक्षाला साक्ष दिली, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. आत्या म्हणाली, निम्मे लेख जुने हे साफ चूक आहे. अकरापैकी सात जुने होते, मी मोजलेत. संपादकांनी मान वळवून बहिणीकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तूही कुठे बोललास?" आत्या म्हणाली. "आणि शर्ट छान बसत होते."

दातांच्या डॉक्टरने पाकिटं खाली ठेवली. ती नवऱ्याला म्हणाली की दुखतंय म्हणून कुणी दात काढत नाही, आधी किडलाय का ते बघतात. आणि मला तर हे पान चांगलं धडधाकट वाटतंय. अंकातल्या बाकी सगळ्या पानांत आपण वाट पाहणाऱ्या लोकांकडे खिडकीतून बघतो, या एकाच पानात आपण खिडकीच्या आत आहोत. थोरले दीर तिच्याकडे बघतच राहिले. सकाळी फाइल लावताना ती त्यांच्या बाजूने होती.

"पडद्यावर असतं तर एका मिनिटात बदललं असतं," ते म्हणाले. "मी केव्हाचा सांगतोय ते हेच. कुणाला कळलंही नसतं."

"म्हणूनच नको," संपादक म्हणाले.

इतक्या वेळात त्यांचा हा पहिलाच निर्णय होता. ते खुर्चीत बसले. आता त्यांनी सारवासारव केली नाही. लेख लिहिलाच नव्हता हे त्यांनी सांगितलं. धाकटीला आत्याचं नाव सांगितलं आणि आत्याला धाकटीचं, आणि वेळ मारून नेली. पान कोरं येईल अशी त्यांची समजूत होती. "कोरं आलं असतं तर म्हणणार होतो, मुद्दाम ठेवलंय," ते म्हणाले. "वाट पाहण्याचा अंक आहे म्हणून."

"आणि आम्ही वा म्हटलं असतं," सासूबाई म्हणाल्या.

फोटोवाला पहिल्यांदा हसला, मग त्याची वहिनी, आणि मग हसू टेबलाभोवती फिरून थोरल्या दिरांपाशी जरा थांबलं आणि तिथूनही पुढे गेलं. धाकटी हसली नाही. संपादक तिच्याकडेच बघत होते.

"शेवटचं वाक्य अर्धं आहे," ते म्हणाले.

"रकाना संपला, बाबा. भरताडाला शेवट नसतो."

"रकाना संपला. वाक्य संपलं नाही. कुणीतरी सांगायला हवं की... की काय?"

आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या. काहीतरी गोड बोलून ती सुटली असती. या घरात गोड बोलण्याची सवय सगळ्यांना होती आणि ती खपूनही गेली असती. पण त्या एका 'वा'ने काय केलं होतं ते तिने स्वतःच पानभर लिहिलं होतं.

"की नाही लिहिलंत तरी चालेल," ती म्हणाली. "सात लेख जुने होते ते आम्हाला कळत होतं, आणि तरी दर अंकाला आम्ही येतच होतो ना. लेखासाठी नव्हतो येत. तुम्ही उठलात तरी ही खुर्ची कुणी हलवणार नाही. मला तुमची फार काळजी वाटत होती, बाबा. तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून जिथे कुणी वाचणार नाही तिथे लिहिलं."

संपादकांनी चष्मा काढला आणि पुष्कळ वेळ पुसला. डोळे मात्र पुसले नाहीत, ते तसेच राहू दिले. थोरल्या दिरांनी आपली फाइल टेबलाखाली सरकवली. मग त्यांनी भावाला विचारलं, की तू गळ्यात एवढा कॅमेरा अडकवून फिरतोस, बाबांचा फोटो तू का नाही काढलास? फोटोवाल्याने लगेच तो काढला.

"पेन्सिल द्या," संपादक म्हणाले. "टोक असलेली. मी करत नाही बसणार."

शेवटच्या अपुऱ्या ओळीखाली तीन बोटं समास होता. त्यांनी पहिली प्रत पुढ्यात ओढली आणि 'की'च्या पुढे हाताने काहीतरी लिहिलं. मग दुसरी ओढली. चारशे बारा प्रतींवर असं हाताने लिहिणार का, म्हणून थोरल्या दिरांनी विचारलं. टपाल उद्या जायचंय, त्याचं काय? सासूबाई म्हणाल्या, जे वाट पाहण्याचा अंक घेणार त्यांनी दोन दिवस वाट पाहिली तर बिघडत नाही.

पहिल्या तीस-चाळीस प्रतींवर त्यांनी एकच वाक्य लिहिलं. नंतर आत्याच्या लक्षात आलं की वाक्य बदलायला लागलं आहे. सासूबाई कार्ड वाचायच्या, अमकी बाई, शाळेत शिकवते, एकटी राहते, सोळा वर्षं वर्गणीदार. संपादक क्षणभर लाँड्रीकडे बघायचे आणि त्या बाईसाठी वेगळा शेवट लिहायचे. वेगळ्या झालेल्या त्या जोडप्याला त्यांनी दोन वेगळी वाक्यं लिहिली आणि ती कुणाला दाखवली नाहीत. शंभराव्या प्रतीनंतर समास पुरेना, मजकूर वळून पानाच्या कडेने वर जायला लागला. त्यांनी एकदाही पेन्सिलीला टोक केलं नाही. बोथट झाली की हात पुढे करायचे आणि थोरले दीर दुसरी द्यायचे. दोन तास झाले तरी कुणी चवड्यांवर चाललं नाही. सासूबाईंनी तर भांडी अशी काही लावली की खालचे दुकानवाले नक्की गोंधळले असणार.

मंगळवारी दुपारी शेवटची पाकिटं बंद झाली. घरची प्रत उरली होती, दर अंकाची एक कपाटात जाते ती. संपादकांनी ती सगळ्यात शेवटी लिहिली आणि धाकटीपुढे सरकवली. तिच्या अर्ध्या वाक्यापुढे त्यांचं अक्षर होतं, थोडं थकलेलं, पण सरळ:

'...की नाही लिहिलंत तरी चालेल. तिने सांगितलं, मी ऐकलं. पुढच्या अंकापासून पान तीन धाकटीचं, आणि अंकही तिचाच. अंक कागदावरच निघेल. पान तीन आधी कुणी वाचायचं नाही, ही रीत आजपासून बंद. लेख वेळेवर येतील अशी आशा आहे.'

धाकटीने ते दोनदा वाचलं. तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून ती उठून रिकामे खोके एकात एक घालायला लागली. थोरल्या दिरांनी खांद्यावरून वाकून वाचलं. आशा बरीच जास्त आहे, असं म्हणून त्यांनी तिच्या हातातले खोके स्वतःकडे घेतले. यात त्यांची माफी आणि अभिनंदन दोन्ही आलं. त्यांच्याकडून याहून जास्त कुणी मागत नाही.

आत्याने आपल्या टाइपरायटरवरचं कापड नीट करत विचारलं, "मग नव्या पान तीनचा मजकूर कधी मिळेल?"

"उद्या," धाकटी म्हणाली.

लाँड्रीकडे बघत बसलेल्या संपादकांनी मान न वळवता म्हटलं, "वा."